आधी जुनी प्रायमरी बांधून ठेवा: पोस्टग्रेसमध्ये स्टँडबायवर जाण्याची रीत

मुख्य डेटाबेस, म्हणजे प्रायमरी, बंद पडल्यावर तिच्या सतत ताज्या राहणाऱ्या नकलेला, म्हणजे स्टँडबायला, प्रायमरी करण्याची आज्ञा एका ओळीची आहे आणि ती बहुधा काही सेकंदांत पुरी होते. असे स्टँडबायवर जाणे, म्हणजे फेलओव्हर, फसतात ते त्या ओळीमुळे नव्हे. जुनी प्रायमरी खरोखर थांबली आहे याची खात्री न करता घाई केलेली असते, ॲप्लिकेशनला नवा पत्ता कळलेलाच नसतो, किंवा निर्णय कोणी घ्यायचा हे आधी ठरलेले नसल्यामुळे मोलाचा अर्धा तास फोनाफोनीत गेलेला असतो. म्हणून पुढील कार्यपद्धतीत त्या एका ओळीला थोडी आणि तिच्या आजूबाजूच्या कामांना बरीच जागा दिली आहे. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस प्रणालीची १२ किंवा त्यापुढची आवृत्ती, स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल स्टँडबायला तारेवरून सतत पाठवत राहणे), एक प्रायमरी आणि एक-दोन स्टँडबाय, अशी मांडणी येथे गृहीत धरली आहे.

दुकानाच्या हिशेबात व्यवहार आधी कीर्दीत लिहितात आणि मग सवडीने खतावणीत चढवतात. पोस्टग्रेसही तसेच करतो. प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे ‘वॉल’मध्ये, नोंदवला जातो आणि मूळ टेबलांच्या फाइली नंतर बदलतात. स्टँडबायला पोहोचते ती या कीर्दीची नक्कल. ती वाचून तो आपली खतावणी स्वतः भरत राहतो. त्यामुळे स्टँडबायच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: कीर्द कुठपर्यंत हाती आली, आणि त्यातली कुठपर्यंत चढवून झाली. हाती आलेली पण न चढवलेली पाने हरवत नाहीत, कारण बढती मिळण्यापूर्वी, म्हणजे प्रायमरी होण्यापूर्वी, स्टँडबाय ती पुरी वाचून काढतो. हरवतात ती प्रायमरीवर लिहिली गेलेली पण तारेवरून इकडे न पोहोचलेली पाने. रेप्लिकेशन असिंक्रोनस, म्हणजे स्टँडबायच्या होकाराची वाट न पाहणारे, असेल, आणि मुळात ते तसेच असते, तर हा तोटा शून्य आहे असे कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

वेळ येण्याआधी तपासायच्या गोष्टी

स्टँडबाय नोंदी घेतो आहे म्हणजे तो प्रायमरी होण्यास तयार आहे, असा समज सर्रास दिसतो. डेटा आपोआप येतो. सेटिंग्ज, जोडणीच्या परवानग्या आणि रात्रीची कामे आपोआप येत नाहीत. डेबियन किंवा उबंटूवर सेटिंग्जच्या फाइली डेटा डिरेक्टरीच्या बाहेर असतात, त्यामुळे पीजी_बेसबॅकअप या साधनाने केलेल्या नकलेत त्या नसतातच. कोणी कुठून जोडणी करावी हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये ॲप्लिकेशन सर्व्हरांचे पत्ते स्टँडबायवरही लिहिलेले आहेत का, हे आजच पाहावे. मॅक्स_कनेक्शन्सची मर्यादा स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी नसावी. कमी असल्यास तो नोंदी चढवायचे थांबतो किंवा मुळात सुरूच होत नाही.

सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स या सेटिंगकडे विशेष लक्ष द्यावे; कमिट, म्हणजे व्यवहार पक्का करणे, पुरे मानण्याआधी कोणत्या स्टँडबायचा होकार हवा हे ते सांगते. प्रायमरीची सेटिंग फाइल जशीच्या तशी स्टँडबायवर ठेवली असेल, तर बढती मिळाल्यावर तो अस्तित्वात नसलेल्या जोडीदाराच्या होकाराची वाट पाहत बसतो आणि प्रत्येक कमिट अडकतो. डेटाबेस चालू दिसतो, वाचन व्यवस्थित होते, फक्त एकही व्यवहार पुरा होत नाही. पहाटे तीन वाजता हे कोडे सुटायला बराच वेळ लागतो.

दोन्ही सर्व्हरांची ऑपरेटिंग सिस्टम एकाच आवृत्तीची असावी. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले. एका बाजूला त्याआधीची आणि दुसऱ्या बाजूला त्यानंतरची आवृत्ती असेल, तर मजकुरावरचे इंडेक्स स्टँडबायवर चुकीचे ठरतात; नाव टेबलात असूनही शोधात सापडत नाही, किंवा युनिक बंधन असूनही तेच मूल्य दोनदा शिरते.

वॉल_लॉग_हिंट्स हे सेटिंग किंवा डेटा चेकसम यांपैकी एक आधीपासून चालू ठेवावे, कारण त्याशिवाय जुन्या प्रायमरीला पीजी_रिवाइंडने (जुना डेटा नव्या प्रायमरीशी जुळवून घेणाऱ्या साधनाने) परत आणता येत नाही आणि संपूर्ण नक्कल नव्याने करावी लागते. रेप्लिकेशन स्लॉट (एखाद्या स्टँडबायसाठी वॉल राखून ठेवण्याची सोय) वापरत असल्यास आवृत्ती १३ पासून मिळालेले मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ हे त्याची मर्यादा घालणारे सेटिंगही ठरवून टाकावे. तसे न केल्यास एखादा बंद पडलेला स्टँडबाय आपल्यासाठी कीर्दीची पाने राखून ठेवायला लावतो आणि प्रायमरीची डिस्क भरून तिलाच खाली आणतो. म्हणजे आधारासाठी लावलेल्या टेकूनेच भिंत पाडावी, तसा प्रकार होतो.

फेलओव्हर करायचा की नाही

प्रत्येक बिघाडाला फेलओव्हर हे उत्तर नसते. कोणी चुकून डिलीट चालवला असेल, तर तोच डिलीट स्टँडबायवरही पोहोचलेला असतो. तेथे बॅकअप आणि जतन केलेल्या वॉलवरून ठरावीक क्षणापर्यंतची पुनर्प्राप्ती हाच मार्ग आहे. कनेक्शन संपली असतील, तर तोच लोंढा स्टँडबायवर जाऊन त्यालाही बुडवील. डिस्क भरली असेल, तर जागा मोकळी करणे किंवा वाढवणे हे बहुतेक वेळा जलद पडते. मात्र पीजी_वॉल डिरेक्टरीतल्या फाइली हाताने कधीही पुसू नयेत. ‘लॉग’ समजून त्या पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पुसलेली असते ती कीर्द. सर्व्हर नुकताच कोसळून पुन्हा उठत असेल, तर त्याच्या लॉगमध्ये रीडोची, म्हणजे वॉल पुन्हा चढवण्याची, प्रगती पाहावी; आवृत्ती १५ पासून ती ठरावीक अंतराने छापली जाते. दोन मिनिटांत उठणाऱ्या प्रायमरीला सोडून जाण्यात शहाणपण नाही.

प्रायमरी ‘पडली’ हे एका जागेवरून ठरवू नये. ॲप्लिकेशन सर्व्हर, स्टँडबाय आणि या दोघांशी संबंध नसलेली तिसरी जागा, अशा तिन्ही ठिकाणांहून पीजी_इजरेडीने (सर्व्हर जोडणी स्वीकारतो का हे सांगणाऱ्या साधनाने) पाहावे. स्टँडबायला प्रायमरी दिसत नाही पण ॲप्लिकेशनला दिसते, असे असेल तर बिघाड दोन सर्व्हरांमधल्या नेटवर्कचा आहे आणि अशा वेळी बढती देणे म्हणजे मुद्दाम संकट ओढवून घेणे होय.

निर्णयाचा अधिकार आणि त्याची मुदत लिखित असावी. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने शेअर बाजारांसारख्या संस्थांना घालून दिलेला नियम असा, की महत्त्वाची यंत्रणा विस्कळीत झाल्यापासून ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करावी आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे. आपली संस्था लहान असली तरी या नियमातली एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: दुरुस्तीला किती वेळ द्यायचा आणि कितव्या मिनिटाला दुरुस्ती सोडून पलीकडे जायचे, हे शांतपणे आधी ठरलेले असते. आमच्याकडे तो आकडा १५ मिनिटांचा होता आणि तो भिंतीवर लावलेला होता.

जुनी प्रायमरी बांधून ठेवणे

निर्णय झाला की पहिले काम स्टँडबायवर नसून जुन्या प्रायमरीवर असते. ती पुन्हा कोणाकडूनही लेखन स्वीकारणार नाही अशी व्यवस्था केल्याखेरीज पुढे जाऊ नये. सर्व्हरवर लॉगिन होत असेल तर पोस्टग्रेस बंद करावा आणि सिस्टमसीटीएलने त्याची सेवा मास्क करावी, म्हणजे सर्व्हर पुन्हा चालू झाला तरी डेटाबेस उठणार नाही. लॉगिन होत नसेल तर आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करण्याच्या सोयीवरून) वीज तोडावी, व्हर्च्युअल मशीन असल्यास हायपरव्हायझर किंवा क्लाउडच्या कन्सोलवरून ते बंद करावे, आणि यांतले काहीच शक्य नसेल तर नेटवर्क स्विचवर तिचे पोर्ट बंद करावे. ‘ती बंदच आहे, पिंगला उत्तर देत नाही’ हा पुरावा नव्हे.

हे मी अनुभवाने सांगतो. पूर्वी जेथे काम करत होतो तेथे वीज गेल्यावर आम्ही रीतसर स्टँडबायवर गेलो, सगळे सुरळीत झाले, चहाही झाला. दोन तासांनी वीज परत आली, जुना सर्व्हर आपोआप चालू झाला, त्याने पोस्टग्रेस उठवला, आणि जुना पत्ता धरून बसलेला एक बॅच प्रोग्राम मुकाट्याने त्यात नोंदी लिहू लागला. दोन्हीकडे तेच आयडी आणि वेगवेगळी माहिती, अशा त्या ओळी हाताने जुळवण्यात दोन दिवस गेले.

दोन्हीकडे लेखन होण्याच्या या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मोठ्यांनाही ती चुकलेली नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील मायएसक्यूएल सर्व्हरांना प्रायमरी केले, पण पूर्वेकडे अल्पकाळ झालेले लेखन पश्चिमेकडे पोहोचलेले नव्हते. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे एकमेकांत नसलेल्या नोंदी होत्या. गिटहबने वेगाऐवजी डेटा वाचवण्याला प्राधान्य दिले आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. डेटाबेस वेगळा असला तरी गणित तेच आहे.

यासाठीच, केवळ दोन सर्व्हर असताना घरगुती स्क्रिप्टने स्वयंचलित फेलओव्हर करू नये, असे माझे मत आहे. दोघांतला संपर्क तुटल्यावर ‘तो मेला की मी एकटा पडलो’ हे दोघांपैकी कोणालाच कळू शकत नाही. स्वयंचलित हवेच असेल तर पट्रोनीसारखे साधन घ्यावे. त्यात नेतृत्वाची किल्ली इटीसीडी, कन्सल किंवा झूकीपर अशा सामायिक भांडारात ठेवलेली असते, तिची मुदत मुळात ३० सेकंदांची असते, आणि ती वेळेत नव्याने मिळवता आली नाही तर प्रायमरी स्वतःहून पायउतार होते. किल्ली ठेवणारे ते भांडार किमान तीन ठिकाणी असावे लागते, हा खर्च टाळू पाहणाऱ्यांनी हाताने फेलओव्हर करणे अधिक सुरक्षित.

बढती

स्टँडबाय एकाहून अधिक असतील तर प्रत्येकावर पीजी_लास्ट_वॉल_रिसीव्ह_एलएसएन आणि पीजी_लास्ट_वॉल_रिप्ले_एलएसएन ही फंक्शने चालवून दोन्ही आकडे (एलएसएन, म्हणजे वॉलमधल्या जागेचे क्रमांक) वेळेसह लिहून ठेवावेत. ज्याच्या हाती सर्वांत पुढची कीर्द आली आहे तोच उमेदवार. मागे असलेल्याला बढती दिली तर पुढे गेलेला स्टँडबाय त्याच्यामागे चालू शकत नाही. पीजी_लास्ट_झॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प पाहून मागे पडल्याचा अंदाज काढण्याची सवय अनेकांना असते, पण प्रायमरीवर काही काळ एकही व्यवहार झाला नसेल तरी तो फरक वाढलेला दिसतो. म्हणून भरवसा एलएसएनवर ठेवावा.

उमेदवारावर लांबलेले रिपोर्ट चालू असतील तर ते आधी संपवावेत, कारण अशा क्वेरीला अडचण होऊ नये म्हणून नोंदी चढवणे रोखलेले असू शकते, आणि नोंदी चढल्याशिवाय बढती पुरी होत नाही. त्यानंतर सुपरयूजर म्हणून ‘सिलेक्ट पीजी_प्रमोट()’ चालवावे. हे फंक्शन आवृत्ती १२ मध्ये आले आणि मुळात ६० सेकंदांपर्यंत वाट पाहून होकार देते. ६० सेकंदांत होकार आला नाही म्हणून गोंधळून ते पुन्हा पुन्हा चालवू नये. लॉग उघडून नोंदी चढवण्याचे काम पुढे सरकते आहे का ते पाहावे.

काम झाले की लॉगमध्ये नवी टाइमलाइन निवडल्याची ओळ दिसते. टाइमलाइन म्हणजे कीर्दीचा नवा खंड. वॉल फाइलच्या २४ अक्षरी नावातली पहिली आठ अक्षरे हा खंड सांगतात, आणि त्यामुळेच नव्या प्रायमरीची पाने जुन्या पानांवर लिहिली जात नाहीत. पीजी_इज_इन_रिकव्हरीचे उत्तर आता ‘एफ’ यायला हवे. एवढ्यावर न थांबता एका चाचणी टेबलात ओळ घालून कमिट करून पाहावे. वर सांगितलेला सिंक्रोनस कमिटचा सापळा येथेच पकडला जातो.

वाहतूक वळवणे

व्हर्च्युअल आयपी वापरत असाल तर तो नव्या सर्व्हरवर न्यावा. डीएनएस नाव असेल तर ते बदलावे, पण टीटीएल (पत्ता किती वेळ साठवून ठेवायचा ती मुदत) आधीपासून कमी ठेवलेला नसेल तर बदल पोहोचायला वेळ लागतो, आणि काही ॲप्लिकेशने सुरू होताना एकदा शोधलेला पत्ता बंद होईपर्यंत सोडत नाहीत. पीजीबाउन्सर हा कनेक्शन सांभाळणारा मध्यस्थ मध्ये असल्यास त्याच्या सेटिंग फाइलमधला पत्ता बदलून रीलोड द्यावा. मला सर्वांत साधा वाटणारा उपाय निराळाच आहे: लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीवर चालणाऱ्या ड्रायव्हरांत आवृत्ती १० पासून एकाच कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दोन्ही होस्ट लिहून target_session_attrs या पर्यायापुढे ‘रीड-राइट’ लिहिता येते. मग ॲप्लिकेशन स्वतःच दोन्ही दारे ठोठावते आणि जेथे लिहिता येते तेथे शिरते.

जुनी कनेक्शन मात्र वेगळी डोकेदुखी असते. सर्व्हरची वीज गेली की समोरच्याला निरोप पाठवायला कोणी उरत नाही. लिनक्समध्ये स्वस्थ बसलेल्या कनेक्शनची पहिली कीपअलाइव्ह तपासणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर ॲप्लिकेशन मेलेल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत राहू शकते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कीपअलाइव्ह्ज_आयडल आणि टीसीपी_यूजर_टाइमआउट यांची मूल्ये काही सेकंदांवर आणून ठेवावीत. ते आधी केले नसेल तर आता ॲप्लिकेशन रीस्टार्ट करणे हाच प्रामाणिक मार्ग.

त्याच दिवशी उरकायची कामे

दुसरा स्टँडबाय असेल तर त्याचे प्रायमरी_कॉनइन्फो (प्रायमरीचा पत्ता सांगणारे सेटिंग) बदलून नव्या प्रायमरीकडे वळवावा. आवृत्ती १३ पासून यासाठी रीलोड पुरतो. जुन्या प्रायमरीवरचे फिजिकल स्लॉट इकडे आलेले नसतात, ते नव्याने बनवावेत. नव्या प्रायमरीवरून ताबडतोब पूर्ण बॅकअप घ्यावा, आणि वॉल जतन करण्याची आज्ञा येथूनही यशस्वी होते आहे का, हे पीजी_स्टॅट_आर्कायव्हरमध्ये पाहावे. रात्रीची क्रॉन कामे नव्या जागी चालू करावीत.

तीन गोष्टी पाहून लोक दचकतात, म्हणून त्या आधीच सांगतो. अनलॉग्ड टेबले नव्या प्रायमरीवर रिकामी असतात, कारण त्यांची नोंद कीर्दीत होतच नाही. सिक्वेन्स (ओळीने क्रमांक देणारी सोय) एकदम ३२ पर्यंत पुढे उडी मारू शकते, कारण तिची पुढची मूल्ये कीर्दीत आगाऊ लिहिलेली असतात; पावती क्रमांकात खाडा पडला म्हणून लेखा विभाग विचारणा करील, तेव्हा हे कारण हाताशी असावे. तिसरे असे, की कोणत्या टेबलात किती मृत ओळी आहेत याचे आकडे रेप्लिकेट होत नाहीत आणि ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे त्या ओळींची आपोआप होणारी सफाई, कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो; म्हणून वर्दळीच्या टेबलांवर व्हॅक्यूम ॲनालाइझ हाताने चालवून घ्यावे.

जुन्या सर्व्हरला परत घेणे

जुना सर्व्हर दुरुस्त झाला की त्याला स्टँडबाय करण्याची घाई होते. त्याआधी त्याच्या डेटा डिरेक्टरीची पूर्ण नक्कल वेगळ्या डिस्कवर काढावी. इकडे न पोहोचलेले शेवटचे व्यवहार फक्त तेथेच आहेत, आणि पीजी_रिवाइंड ते पुसून टाकतो. ती नक्कल नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर उठवून, फेलओव्हरच्या वेळेच्या आसपासच्या ओळी दोन्हीकडे ताडून पाहाव्यात आणि काय भरायचे ते व्यवसायातल्या माणसांनी ठरवावे. डेटाबेस सांभाळणाऱ्याने परस्पर ओळी घालू नयेत.

मग नव्या प्रायमरीवर एकदा चेकपॉइंट (तोवरचे बदल डिस्कवरच्या फाइलींत उतरवणे) चालवावा. आवृत्ती १६ च्या आधी हे विसरले तर पीजी_रिवाइंडला टाइमलाइन बदललेली दिसत नाही आणि रिवाइंडची गरज नाही असे तो खुशाल सांगतो. जुन्या सर्व्हरवर पोस्टग्रेस बंद असताना पीजी_रिवाइंड चालवताना आवृत्ती १३ पासूनचा राइट-रिकव्हरी-कॉन्फ हा पर्याय दिला की स्टँडबाय.सिग्नल ही सर्व्हरला स्टँडबाय म्हणून उठवणारी फाइल आणि जोडणीची माहिती तोच लिहून ठेवतो. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स तपासावे, मास्क केलेली सेवा मोकळी करून पोस्टग्रेस सुरू करावा आणि नव्या प्रायमरीच्या पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये त्याची ओळ ‘स्ट्रीमिंग’ अवस्थेत आली की जोडी पुन्हा पुरी झाली.

जुन्याच सर्व्हरला पुन्हा प्रायमरी करायची गरज बहुधा नसते. तरी करायचेच असेल, तर तो नियोजित स्विचओव्हर असतो आणि त्यात एकही व्यवहार हरवू नये. ॲप्लिकेशन थांबवावे आणि प्रायमरी ‘फास्ट’ पद्धतीने बंद करावी; ती बंद होताना शिल्लक कीर्द, शेवटच्या चेकपॉइंटच्या नोंदीसह, जोडलेल्या स्टँडबायला पाठवूनच थांबते. बंद झालेल्या सर्व्हरवर पीजी_कंट्रोलडेटा चालवून शेवटच्या चेकपॉइंटची जागा पाहावी, स्टँडबायने तिथपर्यंत नोंदी घेतल्या आहेत हे ताडावे, आणि मगच बढती द्यावी. वर्षातून दोनदा, कार्यालयीन वेळेबाहेर, हाच स्विचओव्हर सराव म्हणून करावा, आणि त्या दिवशी कीबोर्ड ज्याने ही कार्यपद्धती लिहिली त्याच्या हाती न देता तिच्यासह दुसऱ्याच्या हाती द्यावा.